काळा की चंदेरी

"ह्याचं झाकण एका हातानं उघडतंय काय?" आत्तींनी विचारलं.

दुकानदार मुजावर यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या त्या दुकानात, काचेच्या काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारीशेजारी मांडले होते. एक चंदेरी, शाळेच्या वहीसारखा पातळ. दुसरा काळा, जाडजूड, मागच्या बाजूला पंख्यांच्या दोन जाळ्या असलेला. गेले तीन आठवडे मी या दोघांच्या प्रोसेसरांचा अभ्यास करत होते. कुणाचे कोअर किती, कुणाचा वेग किती, कुठल्या चाचणीत कुणाला किती गुण, सगळं पाढ्यासारखं पाठ होतं. मुजावरांना विचारायचे प्रश्न मी रात्री मनात घोळवून ठेवले होते. त्यातला पहिला तोंडातून बाहेर पडायच्या आत माझ्या सासूबाईंनी झाकणाचा विषय काढला होता.

"एका हातानं म्हणजे कसं, मावशी?" मुजावर म्हणाले.

"कसं म्हणजे? असं."

आत्तींच्या डाव्या कडेला त्यांची कापडी पिशवी होती. ती तशीच अंगाशी धरून त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटानं चंदेरीचं झाकण उचललं. झाकणाबरोबर अख्खा लॅपटॉपच वर आला.

"हे सगळंच उठतंय की!" त्या म्हणाल्या. मग काळ्याचं उचललं. काळा जागचा हलला नाही, झाकण तेवढं उघडलं. "हा बघा. बसून ऱ्हायला. शहाणा हाय."

"आत्ती, झाकणावरून लॅपटॉप घेत नाहीत," मी म्हणाले.

"मग कशावरनं घेत्यात?"

"आतल्या प्रोसेसरवरून. त्याचा मेंदू असतो तो."

"मेंदू तू बघ. बाकीचं मी बघतो."

त्या 'बघतो' म्हणाल्या, 'बघते' नाही. चिंचवडहून लग्न होऊन हुपरीत आले तेव्हा पहिला आठवडाभर मला याची मजा वाटायची. इकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलतात. सासूला आत्ती म्हणायचं, हेही इथंच शिकले. बाकी आत्तींबद्दल मात्र दोन वर्षांत फारसं काही शिकता आलं नव्हतं. त्या रागावल्यात की खुशीत आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून फक्त त्यांनाच कळत असावं.

हुपरीत घराघरांत चांदीचे पैंजण बनतात. आमच्याही घरामागे कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला तार ओढायची, दुसऱ्या बाजूला कड्या झाळून जोडायच्या, कोपऱ्यात ॲसिडच्या भांड्यात माल उजळायचा. त्याच कोपऱ्याला लागून एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर मी डिझाइनं काढायचे. पूर्वी नमुना हातानं करून व्यापाऱ्याला दाखवायचे. आता व्यापाऱ्याला आधी चित्र लागतं, तेही फोटोसारखं. घुंगरावर उजेड कसा पडेल, पायात घातल्यावर कडी कशी वळेल, सगळं त्यात दिसलं पाहिजे. त्या जुन्या कॉम्प्युटरवर एक चित्र तयार व्हायला संध्याकाळ ते सकाळ लागायची. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

राजकोटच्या एका व्यापाऱ्याला माझी डिझाइनं आवडली होती. "बहेनजी, दिवाळीपर्यंत वीस द्या, मग बाराही महिने काम देतो," असं तो म्हणाला होता. म्हणून लॅपटॉप हवा होता. पैसे माझ्याच डिझाइनांचे होते. घरात कुणी नको म्हटलं नव्हतं.

पण आधीच्या गुरुवारी सकाळी, बाथरूमची कडी लावून, मी त्या पांढऱ्या पट्टीवर दोन रेघा पाहिल्या होत्या.

मी कुणालाही सांगितलं नाही. सम्मेदलाही नाही. माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला सांगितलं असतं तर चहा निवायच्या आत आईला कळलं असतं, जेवणाआधी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, आणि मग घरात ते वाक्य उच्चारलं गेलं असतं. ते वाक्य मला माहीत होतं. माळ्यावर ते ठेवलेलंच होतं.

माळ्यावर माझ्या थोरल्या जाऊबाईंची, सुजाताताईंची, ब्यूटी पार्लरची खुर्ची होती. लाल रेक्झिनची, पायानं दाबलं की वरखाली होणारी. ताईंनी कोर्स केला, खुर्ची आणली, खालची खोली रंगवायला काढली आणि तेवढ्यात त्यांना दिवस गेले. "आता कशाला? पोरगं झाल्यावर बघू की," असं तेव्हा घरात ठरलं. पोरगं आता दुसरीत होतं. खुर्चीवर गव्हाचं पोतं होतं. हे वाक्य कोण म्हणालं होतं, तेही ताईंनी मला एकदा भाकरी थापताना सांगितलं होतं. आत्ती.

तेव्हा माझा बेत सरळ होता. शनिवारी लॅपटॉप घ्यायचा, घरी आणायचा, सुरू करायचा आणि मग सांगायचं. एकदा वस्तू घरात आली की तिला कुणी परत पाठवत नाही.

शुक्रवारी रात्री आत्ती म्हणाल्या, "मी बी येतो उद्या कोल्हापूरला. गुजरीत काम हाय."

गुजरी म्हणजे सराफांची गल्ली. सकाळी गाडीत त्यांनी मला आलेपाकाच्या वड्या दिल्या. म्हणाल्या, "घे. वळणं हाईत." हुपरी ते कोल्हापूर रस्त्यावर अशी कितीशी वळणं? पण मी घेतल्या. गुजरीजवळ सम्मेदनं गाडी हळू केली, तर आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, नंतर बघू. आधी हिचं बघू."

आधी माझं बघायला निघाल्या होत्या तर!

दुकानात सम्मेदनं दोन्ही लॅपटॉप पाहिले आणि निकाल दिला. "ह्यात काय बघायचं? ज्याचा नंबर मोठा तो घे. चंदेरी."

"त्याचा प्रोसेसर नवीनच आहे," मुजावर म्हणाले. ते चाळिशीचे, शांत गृहस्थ होते. आत्तींनी आत पाऊल टाकल्यापासून त्यांची शांतता कसोटीला लागली होती. "काळ्यातला मागच्या पिढीतला. कोअर कमी. कागदावर बघाल तर चंदेरी पुढं आहे. किमतीलाही पुढं आहे."

"आणि प्रत्यक्षात?" मी विचारलं.

"ते तुमच्या कामावर आहे, वहिनी. म्हणून तर तुमचा प्रोग्राम दोन्हीत घालून ठेवलाय. काल फोनवर बोललात तसं."

सम्मेदला व्यापाऱ्याकडे माल पोचवायचा होता. तो म्हणाला, "तुमचं चालू दे. मी तासादोन तासांत येतो." मग माझ्या कानाशी येऊन, "आईचं मनावर घेऊ नकोस. मिक्सर घेताना तिनं दुकानदाराला तिथंच चटणी वाटाय लावली होती."

तो गेला. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात माझं सगळ्यांत अवघड डिझाइन होतं: पाच पदरी पैंजण, प्रत्येक पदराला घुंगरांची झालर. तेच चित्र दोन्हींवर एकाच वेळी सुरू केलं. दोन्ही पडद्यांवर खाली एकेक हिरवी पट्टी सरकायला लागली.

चंदेरी सुसाट सुटला. काळ्याची पट्टी अजून उंबऱ्यावर असताना याची अंगण ओलांडून गेली. मला हसू आलं. तीन आठवड्यांचा अभ्यास डोळ्यांसमोर खरा होत होता.

"बघा आत्ती," मी म्हणाले. "आता कळलं मेंदू म्हणजे काय?"

"पळतंय बाई," आत्तींनी मान्य केलं. मग मुजावरांकडे वळल्या. "का वो दादा, हे काम करता करता मधीच उठून गेलं तर? परत येऊन बघितलं तर जिथं होतं तिथंच सापडतंय, का परत पहिल्यापासनं?"

"जिथं होतं तिथंच, मावशी. झाकण लावायचं, ते झोपतं. उघडलं की जागं होतं."

"लगेच जागं होतंय?"

"लगेच."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि आवाज किती करतंय? रात्री शेजारी कुणी निजलं असलं तर उठंल काय?"

"सम्मेद ढोल वाजवला तरी उठत नाही," मी म्हणाले.

"त्याचं न्हाई इचारत मी." आत्तींनी वाकून आधी एका लॅपटॉपला कान लावला, मग दुसऱ्याला. दुकानात आलेला एक कॉलेजचा मुलगा चार्जर घेता घेता थांबून बघत राहिला. "ह्यो काळा घुमतोय. पण एकसारखा. पंख्यागत. त्या चंदेरीचा बारीक हाय, पण मधीच शिट्टी मारतंय. एकसारख्या आवाजाला कुणी उठत न्हाई. शिट्टीला उठतंय."

मुजावर गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "वीस वर्षं धंद्यात आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं."

मला वाटलं, या खोट काढतायत. एकेक खोट काढत जाणार आणि शेवटी म्हणणार, दोन्हीत काही अर्थ नाही, चला घरी, दिवाळीनंतर बघू. नंतर बघू! मला ते वाक्य त्यांच्या जिभेवर बसलेलं दिसत होतं.

"आणि चार्जिंग?" आत्तींचं संपलं नव्हतं. "वर हिच्या खोलीत प्लग दाराकडं हाय. खिडकीकडच्या कोपऱ्यात न्हाई."

"मग मी दाराकडे बसेन," मी म्हणाले.

"दाराकडं वारं लागतंय."

"मला वारं आवडतं, आत्ती."

"तुला आवडतंय गं," त्या म्हणाल्या.

एवढ्यात मुजावर "अरेच्चा" म्हणाले. चंदेरीची पट्टी अर्ध्यावर येऊन रेंगाळली होती. थांबली नव्हती, पण मघाचा तोरा राहिला नव्हता. काळा आपला खालमानेनं सरकत होता, सुरुवातीला सरकत होता तसाच.

"काय झालं त्याला?" मी विचारलं.

"तापला. अंग पातळ आहे ना. एवढा जोरकस प्रोसेसर एवढ्याशा जागेत बसवला की उष्णता जायला वाट मिळत नाही. मग तो स्वतःच वेग कमी करतो. छोट्या कामाला हा राजा आहे, वहिनी. पण तुमचं काम लांब पल्ल्याचं."

"पण चाचण्यांमध्ये तर..."

"चाचण्या बहुतेक छोट्या असतात."

मी पाहत राहिले. तीन आठवडे मी जे आकडे पाठ केले होते ते खोटे नव्हते. फक्त ते सुरुवातीच्या धावेचे होते.

आत्तींना यातलं काही ऐकायचं नव्हतं. 'तापला' एवढा एकच शब्द त्यांनी पकडला होता. त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "द्या हिकडं."

"काय देऊ?"

"ते चंदेरी. मांडीवर द्या."

मुजावरांनी चालू लॅपटॉप जपून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्या पाठ ताठ करून, डोळे मिटून बसल्या. चार्जरवाला मुलगा आता उघडउघड हसत होता. जरा वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"शेकोटी हाय ही. घ्या बाई, न्या. मांडी भाजली माझी." मग काळा मांडीवर घेतला. पुन्हा डोळे मिटले. "हे बरं हाय. कोमट हाय. पण दादा, खरं सांगा, ह्याची उष्णता अंगाला, पोटाला बाधत न्हाई न्हवं?"

"मांडीवर घेऊ नये हेच चांगलं, मावशी. टेबलावर ठेवायचा."

"ऐकलंस?" त्या मला म्हणाल्या. "टेबलावर."

"ऐकलं."

"मग झालं. आता जेवा."

त्यांनी पिशवीतून डबा काढला. मुजावरांनाही आग्रह झाला. दशम्या, दही आणि लिंबाचं लोणचं. लोणचं इतकं होतं की डब्याचा एक अख्खा कप्पा त्यानं भरला होता. मी तीन फोडी खाल्ल्या, मग चौथी. आत्ती शेंगदाण्याची चटणी खात होत्या आणि दोन पट्ट्यांकडे बघत होत्या, जसं कुणी दुधाच्या पातेल्याकडे बघतं.

जेवण उरकता उरकता चंदेरीचं चित्र पूर्ण झालं. काळ्याचं त्याच्या मागोमाग, हात पुसेपर्यंत. दोन्ही पडद्यांवर माझा पैंजण लखलखत होता. फरक म्हणावा तर होता, न म्हणावा तर नव्हता. आणि किमतीतला फरक मात्र चांगलाच होता.

तरीही मला चंदेरीच हवा होता. का, ते आज सांगता येतं. तेव्हा सांगता आलं नसतं. तो पातळ होता, हलका होता. तो पर्समध्ये घालून राजकोटला जाणाऱ्या बाईचा लॅपटॉप होता. काळा घरात बसणाऱ्या बाईचा होता.

"काळा जड आहे," मी म्हणाले.

"असू दे की. कडेवर घेऊन फिरायचंय काय त्याला?"

"मला बाहेर न्यावा लागेल. व्यापाऱ्यांकडे."

"तवा सम्मेद उचलंल. नवरा कशाला असतोय?"

"दिसायलाही..."

"दिसायला चंदेरी हाय, पण चांदी हाय काय ती? ॲल्युमिनियम हाय. हुपरीत ॲल्युमिनियम घेऊन गेलीस तर लोक हसतील."

मुजावर आत बिल-पुस्तक शोधायला गेले होते, बहुधा मुद्दामच. मला रडू यायला लागलं. त्या दिवसांत ते कशानंही यायचं. मी आवाज खाली करून म्हणाले, "आत्ती, स्पष्ट सांगा. मी हे काम करू नये असं तुम्हाला वाटतंय का? तसं असेल तर खोटी कारणं काढू नका."

आत्तींनी डब्याचं झाकण दाबून लावलं. एक बाजू लागत नव्हती, ती पुन्हा दाबली.

"घ्यायचा तर आजच घ्यायचा," त्या म्हणाल्या. "आज न्हाई घेतला तर परत ऱ्हायलं. ते काय मला कळत न्हाई? पण कुठला घ्यायचा ते बघाय नको?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चेहरा नेहमीसारखाच. दगडी.

"सुरुवातीला सगळीच पळत्यात गं," त्या पिशवीची नाडी ओढत म्हणाल्या. "मी बी पळत होतो. दमून बसत न्हाई त्यो घे."

मी काळा घेतला.

त्यांचं ऐकून घेतला असं म्हणता येणार नाही. 'आजच घ्यायचा' या दोन शब्दांनी माझ्या अंगातलं सगळं वारं काढून घेतलं होतं. मी वाद घालायची तयारी करून आले होते आणि समोर प्रतिवादी नव्हताच. उरलेल्या पैशात मुजावरांनी लाइट गेल्यावरही चालेल अशी बॅटरीची पेटी दिली आणि आत्तींच्या सांगण्यावरून, एक लांब वायरचा प्लगही. "खिडकीपर्यंत पोचंल असा द्या," त्या म्हणाल्या.

सम्मेद आला. खोक्याकडे पाहून म्हणाला, "काळा? एवढा अभ्यास करून काळा?"

"मांडीवर बसवून घेतला आत्तींनी," मी म्हणाले.

"म्हणजे पोरगी बघायला आल्यागत?"

"तुझ्यावेळी एवढं बघितलं न्हवतं," आत्ती म्हणाल्या. "म्हणून चांगली मिळाली."

हे वाक्य त्या गाडीचं दार उघडत, पाठमोऱ्या म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

परतताना मी आणि आत्ती मागे बसलो. लॅपटॉपचं खोकं मी हट्टानं माझ्या मांडीवर घेतलं होतं. उसाच्या गाड्या सुरू झाल्या नव्हत्या अजून, रस्ता मोकळा होता. पट्टणकोडोलीच्या अलीकडे आत्तींनी हात लांब केला आणि खोकं माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"असू द्या आत्ती, मला जड नाही होत."

"आण हिकडं." मग खिडकीबाहेर बघत, अगदी हळू, "वजन उचलायचं न्हाई आता."

आता.

सम्मेद पुढे रेडिओच्या बटणाशी झटापट करत होता. मी ओठ न हलवता विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"कारखान्यात यायची बंद झालीस तवा. म्हणालीस, सर्दी झालीय, ॲसिडचा वास सोसत न्हाई." त्या अजून खिडकीबाहेरच बघत होत्या. "सर्दी झालेल्याला वास येतोय व्हय गं?"

मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली न्हाईस. मग म्हटलं, हिच्या मनात काय तरी असंल. बघितलं, तर मोबाइलवर सारखं लॅपटॉप, लॅपटॉप. कळलं मला." त्यांनी खोक्यावरची चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली. "कळलं आणि लई वाईट वाटलं. पोरीला घरात गोड बातमी लपवावी लागतीय, ते कुणाच्या भ्यानं? माझ्याच न्हवं?"

मी खोक्याच्या माझ्याकडच्या कडेवर हात ठेवला.

"सुजाताच्या वेळी मीच म्हणालो होतो. 'पोरगं झाल्यावर बघू.' मला वाटलं, हिच्या जिवाला आराम. मग काय बघितलं? पोतं ठेवलं. ते बी मीच ठेवलं, जागा मोकळी हाय म्हणून. रोज गहू काढाय माळ्यावर जातो आणि रोज ती खुर्ची दिसतीय." पट्टणकोडोली मागे पडली. मग म्हणाल्या, "गुजरीत माझं कायबी काम न्हवतं."

मी त्यांचा हात धरला. झाळकामानं तर्जनीचं टोक कायमचं कडक झालेला हात. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. खोक्यावर जसा होता तसा राहू दिला.

"काय कुजबुज चाललीय मागं?" सम्मेदनं आरशातून पाहिलं.

"तुझ्या बापाच्या घोरण्याची गोष्ट सांगतोय," आत्ती म्हणाल्या. मग पुन्हा हळू, "घरी गेल्यावर आधी त्याला सांग. मग तो येऊन मला सांगंल. मी नव्यानं ऐकतो."

आणि त्यांनी खरंच नव्यानं ऐकलं. संध्याकाळी सम्मेद जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत स्वयंपाकघरात पळाला, तेव्हा मी वरून कान देऊन होते. "अगं बया! खरंच?" आत्तींचा आवाज आला. "मला मेलीला काय पत्ताच न्हाई!" एवढा सुंदर अभिनय मी त्यानंतर पाहिलेला नाही. मामांनी गूळ वाटला. ते बोलायला तोंड उघडणार, "मग आता ते लॅपटॉपचं..." तेवढ्यात आत्ती म्हणाल्या, "ते आलंय घरात. उघडलंय. आता परत घेत न्हाईत."

दिवाळीआधी वीस डिझाइनं गेली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं पोतं खाली आलं आणि त्याच्या मागोमाग खुर्चीही. सुजाताताईंचं पहिलं गिऱ्हाईक आत्ती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भुवया करून घेतल्या आणि मग दोन दिवस आरशाच्या वाटेला गेल्या नाहीत.

वैशाखात माझी लेक झाली, चिंचवडला. तिला घेऊन हुपरीला परतले तेव्हा वरच्या खोलीत, खिडकीकडच्या कोपऱ्यात पाळणा बांधलेला होता. पाळण्याशेजारी टेबल होतं. टेबलावर काळा लॅपटॉप, त्याच्यावर धुतलेला रुमाल घातलेला. दाराकडच्या प्लगमधून लांब वायर भिंतीच्या कडेनं नीट खिळ्यांनी ठोकत टेबलापर्यंत आणली होती.

पहिल्याच दुपारी राजकोटहून फोन आला. झालरीतला एक घुंगरू मोठं दिसतंय, लगेच बदलून पाठवा, माल ओतायला घेतलाय. लेक नुकती डोळे मिटत होती. माझ्या डाव्या हातावर, मान कोपराच्या खळग्यात. पाळण्यात ठेवू गेले की किंचाळायची. पुन्हा उचललं की गप्प. फोनवर माणूस थांबलेला.

मी तशीच टेबलाशी गेले. लेकीला छातीशी धरून उजव्या हाताचं एक बोट झाकणाखाली घातलं आणि उचललं.

काळा जागचा हलला नाही. झाकण तेवढं उघडलं. पडद्यावर, बाळंतपणाला जायच्या आदल्या रात्री जिथं सोडलं होतं तिथंच, अर्धवट पैंजण होता.

मी बोट तसंच ठेवून उभी राहिले. राजारामपुरीतलं ते काउंटर दिसलं, आणि आत्तींच्या डाव्या कडेला अंगाशी धरलेली ती कापडी पिशवी.

मागे दाराशी पावलं वाजली. आत्ती दुधाचा पेला घेऊन आल्या होत्या. आत आल्या नाहीत. लेक जागी होईल म्हणून उंबऱ्यावरच थांबल्या. आधी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग उजव्या.

"उघडतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.